पान कुठून करपतंय? घरातल्या झाडांच्या तपकिरी पानांची कारणं आणि उपाय

घरातल्या झाडाचं पान तपकिरी पडलं की बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. पाण्याने फरक पडला नाही, तर मूठभर खत घातलं जातं. तरीही पानं करपतच राहिली, तर नर्सरीतून औषध आणून फवारलं जातं. या तीनही गोष्टी योग्य वेळी उपयोगाच्या आहेत. पण कारण न शोधता एकामागून एक केल्या, तर सहज सावरलं असतं असं झाडसुद्धा दगावतं. चांगली वाढलेली झाडं अशी घाईच्या उपचारांनी जाताना पाहून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

पान तपकिरी होतं म्हणजे पानाचा तेवढा भाग मेलेला असतो. तिथल्या पेशी सुकल्या, हरितद्रव्य संपलं. पेशी तहानेने मेल्या असोत, मुळं कुजल्याने, क्षारांनी, उन्हाने किंवा बुरशीने, शेवटी दिसणारा रंग जवळपास सारखाच असतो. त्यामुळे रंगाकडे बघून निदान करता येत नाही. करपण्याची सुरुवात पानाच्या कोणत्या भागात झाली, पान जुनं आहे की नवं, करपलेला भाग कुरकुरीत आहे की मऊ, आणि झाडाच्या एकाच बाजूला आहे की सगळीकडे, हे पाहिलं की कारणांची भलीमोठी यादी दोन-तीन शक्यतांवर येते. आणि त्यानंतर पानाकडे बघणं थांबवून कुंडीकडे वळावं लागतं. घरातल्या झाडांच्या बाबतीत पान करपण्याचं मूळ बहुतेक वेळा मातीतच सापडतं.

टोकच आधी का जळतं

मुळांनी शोषलेल्या पाण्याचा अगदी थोडा भाग झाड स्वतःच्या वाढीसाठी वापरतं. शंभरातले पंचाण्णवहून जास्त भाग पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निघून जातात. पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर जिथपर्यंत पोचले तिथेच राहतात, म्हणजे पानाच्या टोकाशी आणि कडांशी. पाणी कमी पडू लागलं, तरीही सगळ्यात आधी कोरडी पडते ती हीच हद्द, कारण पाणी तिथे सर्वांत शेवटी पोचतं.

अळूच्या पानांच्या टोकाला सकाळी पाण्याचे थेंब लोंबत असतात, ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. मनी प्लांट आणि सिंगोनियम ही अळूच्याच कुळातली झाडं, त्यांच्याही टोकांना असे थेंब येतात. ते दव नसतं. रात्री माती ओली आणि हवा दमट असली की मुळांच्या दाबाने पाणी वर ढकललं जातं आणि टोकाजवळच्या खास छिद्रांतून बाहेर पडतं. थेंब वाळला की त्यातले क्षार टोकावर राहतात. असे थेंब येणं हा आजार नाही. पण मातीत क्षार साठलेले असतील, तर रोज थोडे थोडे करून ते त्याच जागी जमतात आणि टोक जळतं.

म्हणून टोक करपलं एवढ्यावरून पाणी कमी पडलं असं ठरवता येत नाही. टोक करपण्याला निदान चार कारणं असू शकतात: कमी पाणी, क्षार, फार कोरडी हवा, किंवा कुजलेली मुळं. त्यातलं नेमकं कोणतं, हे माती सांगते.

माती ओली आणि झाड तहानलेलं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जास्त पाणी झालेलं झाड आणि पाणी न मिळालेलं झाड, दोन्ही माना टाकतात. दोन्हींची पानं करपतात. पाणी जास्त झालेल्या झाडाला तहानलेलं समजून आणखी पाणी घातलं जातं आणि त्याचं उरलंसुरलं मूळही संपतं.

असं का होतं ते समजून घेण्यासाठी शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला वाफसा आठवा. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही असतं आणि हवाही असते, अशा अवस्थेत मुळं सुखाने काम करतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू संपतो, मुळांची पाणी उचलण्याची ताकद जाते, टोकाकडची कोवळी मुळं मरतात. मेलेल्या मुळांवर पायथियम आणि फायटोप्थोरासारखे बुरशीवर्गीय जीव बसतात आणि मुळं कुजवत वर येतात. कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या बागांना पावसाळ्यात जो कोळेरोग छळतो, तो याच फायटोप्थोरामुळे. ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की त्याला बागही चालते आणि कुंडीही. अशा वेळी माती चिंब असते आणि पान मात्र पाण्यावाचून करपत असतं, कारण मधला दुवाच तुटलेला असतो.

ओळखायचं कसं? जास्त पाण्यामुळे पानं बहुधा खालून पिवळी पडू लागतात, मग त्यांवर गडद, मऊ, ओलसर तपकिरी डाग येतात. देठ बुंध्याशी नरम लागतो. मातीला आंबूस वास येतो, वर शेवाळ धरतं, कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात. पाणी कमी पडलेल्या झाडाचं पान उलट कडेने आत करपत येतं, हाताला कुरकुरीत लागतं, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. कुंडी उचलून बघण्याची सवय लावून घ्या. पाणी दिल्यावर एकदा आणि चार दिवसांनी एकदा उचलली की हाताला फरक कळू लागतो, आणि मोठी झाडं सोडली तर यापेक्षा भरवशाचं मोजमाप घरात दुसरं नाही. मोठ्या कुंडीत बोट दोन पेरं खुपसून बघा, किंवा एक लाकडी काडी खोलवर घालून पाच मिनिटांनी बाहेर काढा. वरची माती दोन दिवसांत वाळते, तळाची आठवडा झाला तरी ओली राहू शकते. वरून वाळलेली दिसते म्हणून रोज पाणी घालणं हे मुळं कुजण्याचं फार मोठं कारण आहे.

शंका उरली, तर झाड सरळ कुंडीतून बाहेर काढून मुळं बघा. लोक याला फार घाबरतात, पण मातीचा गोळा न फोडता झाड हलकेच बाहेर काढून परत ठेवलं तर त्याला काही होत नाही. निरोगी मुळं पांढरी किंवा मातकट-पिवळसर आणि टणक असतात. कुजलेली मुळं काळपट, बुळबुळीत असतात, आणि बोटांत धरून ओढली की साल हातात येते, आतला दोरा तेवढा उरतो. या दोन मिनिटांच्या पाहणीने जे कळतं, ते महिनाभर पानांचे फोटो काढून कळत नाही.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि विटांचे तुकडे भरले की निचरा चांगला होतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. ते तसं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खापऱ्यांच्या वरच अडून राहतं. कुंडीत तळाला जो चिंब थर राहतो, तो खापऱ्यांच्या जाडीएवढा वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवा, थर देऊ नका. निचरा सुधारायचा तर तो मातीच्याच मिश्रणात सुधारावा लागतो: नर्सरीतली लाल माती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) एक भाग, आणि जाड वाळू, भाताचं तूस किंवा परलाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) एक भाग. काळी माती कुंडीत नको. ती ओली असताना फुगून घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते, त्यात बारीक मुळं तुटतात.

नर्सरीतून आणलेल्या झाडाकडे यासाठीच लक्ष द्यावं लागतं. उरुळी कांचनच्या किंवा आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून झाडं लांबच्या प्रवासाला निघतात, तेव्हा मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात ते ठीक आहे. पण घरी हा गोळा तसाच भुसभुशीत मातीत बसवला, तर घातलेलं पाणी बाजूच्या सैल मातीतून खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. किंवा एकदा भिजला की दिवसेंदिवस वाळत नाही. झाड घरी येऊन महिना-दीड महिन्यात करपू लागलं, तर आधी हा गोळा तपासा. पाण्यात भिजवून बाहेरचा अर्धा थर हळूहळू सुटा करून घेतला तर झाड नव्या मातीत मुळं धरतं.

आणखी एक जागा म्हणजे शोभेची बाहेरची कुंडी, जिला भोकच नसतं. तिच्यात आतली कुंडी ठेवून पाणी घातलं की तळाला साठलेलं पाणी वरून दिसत नाही. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आतली कुंडी उचलून साठलेलं पाणी ओतून टाका. ताटलीतल्या पाण्याचंही तेच.

आपल्याकडे या सगळ्याला ऋतूचं एक वेळापत्रक आहे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, हवा दमट, त्यामुळे झाड पाणी कमी उचलतं. आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीने तेवढंच घालत राहतो, गॅलरीतल्या कुंड्यांत पावसाचं पाणी पडतं ते वेगळंच. मुळं जुलै-ऑगस्टमध्ये कुजतात, पण पानांना गरजही कमी असल्यामुळे वरून झाड हिरवंगार दिसतं. मग ऑक्टोबरचं ऊन येतं, पानांची पाण्याची मागणी अचानक वाढते, आणि ती भागवायला मूळच शिल्लक नसतं. आठवड्यात झाड करपतं आणि दोष उन्हाला दिला जातो. ऑक्टोबरमध्ये एखादं झाड एकाएकी बसलं, तर पाणी वाढवण्याआधी मुळं बघा.

पाणी कोणतं घालता?

मातीत ओल योग्य, मुळं पांढरी, तरीही टोकं करपताहेत, असं असेल तर पाण्याचा उगम विचारात घ्या. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं पाणी मिळतं. त्यात क्षार कमी असतात. पुण्याच्या उपनगरांत, संभाजीनगर किंवा सोलापूरकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत परिस्थिती अगदी वेगळी असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. माणसाला चालणारं हे १,०००-१,५०० चं पाणी कुंडीत वर्षभर घातलं तर नाजूक झाडांची टोकं जळणारच. शेतात पावसाने क्षार खोल धुऊन जातात. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही, त्यामुळे आलेला प्रत्येक कण तिथेच राहतो. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या बाजूला आणि मातीवर पांढरा थर दिसला की समजा, हिशोब बराच वाढला आहे.

इथे पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्राबद्दल स्पष्ट बोलायला हवं. त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि पाणी वाचवण्यामागचा हेतू फार चांगला आहे. पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. मूळ पाण्यापेक्षा ते दीडपटीच्या आसपास, काही यंत्रांत त्याहूनही जास्त खारट असतं. मुंबईच्या धरणाच्या पाण्यावर यंत्र चालत असेल, तर दीडपट होऊनही आकडा लहानच राहतो आणि झाडांना काही होत नाही. बोअरवेलच्या पाण्यावर चालत असेल, तर ते पाणी फरशी पुसायला वापरा, कुंडीत घालू नका. सोसायटीत पाणी मृदू करणारं सॉफ्टनर यंत्र असेल तर तेही जाणून घ्या. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतं. भांड्यांवर डाग पडत नाहीत, पण झाडाच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा आहे. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मिळत असेल तर तेच वापरा.

फ्लोराईडची गोष्ट थोडी वेगळी. ते अगदी कमी प्रमाणातही काही झाडांना सोसत नाही. ड्रॅसिना, लकी बांबू, स्पायडर प्लांट, पीस लिली आणि कॅलॅथिया ही त्यातली नेहमीची नावं. ते पानात शिरलं की परत बाहेर पडत नाही, टोकाशी साठत जातं आणि टोक मारतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराईड जास्त आहे. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे खरं. फ्लोराईड आणि क्षार मात्र तसेच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे किंचित वाढतात. सुपर फॉस्फेट खतातही फ्लोराईड अशुद्धी म्हणून असतं, त्यामुळे या झाडांना ते देऊ नये.

उपाय साधा आहे. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर निवडक झाडांना तेच द्या. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून पुढचं धरा. एसीच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, तेही साध्या पाण्यात मिसळून चालतं. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीची माती धुवा. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती बसते. तिच्यासाठी आठ लिटर चांगलं पाणी दोन-तीन टप्प्यांत, सावकाश, भोकातून वाहून जाईल असं घाला. ताटलीत जमा झालेलं पाणी परत मातीत जाऊ देऊ नका. रोज कपभर पाणी देण्यापेक्षा गरज पडेल तेव्हा भरपूर पाणी देऊन तळातून वाहू देणं चांगलं, त्याचंही कारण हेच.

कोकोपीटही विकत आणल्यावर दोनदा धुऊन घ्यावं. नारळाच्या सोडणातले मीठ आणि पालाश (पोटॅशियम) त्यात असतात, आणि स्वस्त विटांमध्ये ते बरेच असतात.

ऊन आणि हवा

उन्हाने भाजलेलं पान ओळखणं सोपं आहे. डाग पानाच्या मधोमध, कोरडा, फिका पांढरट-तपकिरी असतो आणि फक्त खिडकीच्या बाजूला असलेल्या पानांवर असतो. सावलीत वाढलेलं झाड एकदम पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं की दोन दुपारींत हे होतं. झाड उजेडात न्यायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं सरकवत न्यावं. पानं चमकावीत म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने छिद्रं बुजतात आणि धूळ चिकटते. ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

कोरड्या हवेचा त्रास मुंबई-रत्नागिरीत सहसा होत नाही. नागपूर, पुणे, नाशिककडे मार्च ते मे, आणि कुठल्याही गावात एसीच्या झोतासमोर तो होतो. न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्यांना तो हिवाळ्यात घरातल्या हीटरमुळे होतो. कॅलॅथिया आणि फर्न यांना तो सर्वांत आधी जाणवतो, कडा कागदासारख्या वाळतात. यावर पानांवर पाणी फवारणं हा सर्रास सांगितला जाणारा उपाय आहे, पण त्याचा परिणाम काही मिनिटं टिकतो, आणि पानं सतत ओली राहिली तर डागांच्या रोगांना आमंत्रण मिळतं. झाडं जवळजवळ ठेवणं, झोतापासून हलवणं, किंवा कॅलॅथियासारखं झाड उजेड असलेल्या न्हाणीघरात ठेवणं जास्त उपयोगी. निफाडसारख्या ठिकाणी थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तिथे मनी प्लांटची पानं खिडकीच्या काचेला टेकलेली नसावीत. थंडीने ती काळपट पडतात.

जुनं पान, नवं पान

अन्नद्रव्यांची कमतरता असेल तर ती कोणत्या पानांवर आधी दिसते याला फार महत्त्व आहे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवू शकतं, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून त्यांची उणीव शेंड्यावर दिसते: लोह कमी असेल तर नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, कॅल्शियम कमी असेल तर कोवळं पान वेडंवाकडं आणि टोकाला जळालेलं. खालच्या पानांच्या कडा एकसारख्या करपत आत येत असतील, माती ओली-कोरडी नीट होत असेल आणि पांढरा थर नसेल, तर पालाशाचा संशय घ्यावा.

अरेका पाममध्ये हे फार दिसतं, आणि तिथेच एक मोठी गल्लत होते. करपलेली खालची पानं वाईट दिसतात म्हणून आपण ती लगेच कापतो. पालाश कमी असलेला पाम ती जुनी पानं कोठारासारखी वापरत असतो. ती कापली की तो वरच्या पानांतला पालाश काढू लागतो आणि करपणं वर चढतं. म्हणून पामचं पान पूर्ण वाळल्याशिवाय कापू नका. कुंडीतल्या झाडाला पालाश द्यायचा तर म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराईड असतं. ०:०:५० (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा असं दोन-तीन वेळा द्या. नेहमीसाठी १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम पुरतं, तेही झाड वाढत असताना. युरियाची चिमूट, ताजं शेण, मीठ घालून भाज्या उकडलेलं पाणी यांपैकी काहीही कुंडीत घालू नये. साखर-दुधाचा चहाचा चोथाही नको, त्याने बुरशी आणि चिलटं येतात.

क्षारांनी टोकं जळलेल्या झाडाला कुणी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) सुचवलं तर थांबा. तेही मीठच आहे.

डाग आणि किडे

गोलसर, सुटे सुटे, पिवळ्या कडेचे डाग पानाच्या मधेच कुठेही उमटत असतील, दोन-चार दिवसांत वाढत असतील आणि शेजारच्या पानांवर जात असतील, तर बुरशी किंवा जीवाणू असावेत. डागात एकात एक वर्तुळं दिसली तर बहुधा बुरशी, डाग तेलकट आणि ओलसर असेल तर बहुधा जीवाणू. घरात पाच-सात पानांवर डाग असतील तर औषध आणण्याची गरज नसते. ती पानं कापून कचऱ्यात टाका, झाड वेगळं ठेवा, पानांवर पाणी पडू देऊ नका, वारा खेळता ठेवा. पसरतच राहिलं तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, बाहेर गॅलरीत, हातमोजे घालून, मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवून फवारा. खोलीच्या आत कधीच नको.

किड्यांमध्ये पान तपकिरी करणारा मुख्य म्हणजे कोळी, भिंतीवरचा नव्हे, तर स्पायडर माइट म्हणतात तो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. पानावर आधी सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके येतात, मग सगळं पान तांबूस होतं, आणि पानाच्या मागे, देठाच्या खोबणीत तलम जाळं दिसतं. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालू लागले की खात्री झाली. कोरड्या उष्ण दिवसांत त्याची एक पिढी आठवड्याभरात पूर्ण होते, म्हणून एकदा फवारून भागत नाही. आधी पानाच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा द्या, किडे निम्म्याहून अधिक तिथेच कमी होतात. मग कडुनिंबाचं तेल पाच मिलिलिटर आणि थोडा पातळ साबण एक लिटर पाण्यात चांगलं घुसळून, संध्याकाळी, दर पाच-सहा दिवसांनी तीन वेळा फवारा. उन्हात फवारलं तर तेलानेच पान भाजतं. पिठ्या ढेकूण (मिलीबग) थोडे असतील तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पानावर चंदेरी चट्टे आणि बारीक काळे ठिपके दिसतात, त्यांनाही कडुनिंबाचं तेल लागू पडतं.

एकच एक तळाचं पान, सगळ्यात जुनं, आधी पिवळं आणि मग तपकिरी होऊन गळत असेल आणि शेंडा जोमात असेल, तर त्याला काही करायचं नसतं. त्याचं वय झालेलं असतं.

उपचार करताना

मुळं कुजलेली आढळली तर माती धुऊन टाका, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने बुळबुळीत मुळं टणक भागापर्यंत कापा, आणि उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत नव्या मातीत झाड लावा. मोठी कुंडी दिली तर मुळं नसलेल्या जागेतली माती ओलीच राहते. मुळं अर्धी गेली असतील तर पानंही थोडी कमी करा. स्नेक प्लांटला लावण्याआधी एक दिवस सावलीत सुकू द्या. थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवा, नवं पान दिसेपर्यंत खत अजिबात नको. नव्या मातीत ट्रायकोडर्मा ही मुळांना उपयोगी बुरशी मिसळता येते. कृषी विज्ञान केंद्रात आणि कृषी सेवा केंद्रात ती मिळते, पण कॉपर ऑक्सिक्लोराईडसारख्या तांब्याच्या औषधाबरोबर वापरू नये, कारण तीही बुरशीच आहे आणि औषधाने मरते. मनी प्लांट, सिंगोनियम यांची दोन-चार कटिंगं त्याच दिवशी पाण्यात ठेवून द्या, म्हणजे मूळ झाड गेलं तरी तेच झाड घरात राहतं.

एका वेळी एकच बदल करा. पाण्याची वेळ, जागा, माती आणि खत सगळं एकाच आठवड्यात बदललं तर कशाने बरं झालं किंवा बिघडलं हे कधीच कळत नाही, आणि झाडालाही तो धक्का मोठा असतो. कुंडी बदलायची असेल आणि मूळ कुजलेलं नसेल, तर मे महिन्यात न करता जूनच्या पावसापर्यंत थांबलेलं बरं.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नका, त्यानंतर फुटलेल्या पानांकडे बघा. जुन्या पानाची करपलेली कड एका जागी थांबली आणि नवं पान स्वच्छ आलं, तर झाड सावरलं. दिसायला वाईट वाटत असेल तर टोक पानाच्या मूळ आकारात तिरकं कापा, आणि हिरव्याला न लागता तपकिरी रेघेएवढी कड ठेवा. हिरव्यात कापलं की तिथून नवी कड वाळते. अर्धं हिरवं असलेलं पान काढू नका, अशक्त झाडाला ते अजून अन्न करून देत असतं. मनी प्लांटला नवं पान यायला उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे लागतात, ड्रॅसिना आणि स्नेक प्लांटला महिना-दोन महिनेही लागू शकतात, थंडीत त्याहून जास्त. तेवढा वेळ कुंडी उचलून बघायची, गरज असेल तर पाणी घालायचं, आणि दुसरं काही करायचं नाही.